औद्योगिक क्षेत्राच्या हद्दीबाहेर दिवे लावताना

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या एका जुन्या क्षेत्राचा नवा टप्पा विकसित झाला आणि त्यात आमच्या लहानशा फॅब्रिकेशनच्या कारखान्याला भूखंड मिळाला. वाटपपत्र, मोजणी, ताबा पावती, प्राथमिक करारनामा, नकाशा मंजुरी, अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, इमारत पूर्णत्वाचा दाखला आणि शेवटी 95 वर्षांचा भाडेपट्टा अशी ही साखळी लांबलचक असली, तरी ती पार करताना वाट चुकल्यासारखे मला कधी वाटले नाही, कारण प्रत्येक कागदाला ठरलेला धनी होता आणि तो धनी कोण हे आधीपासून ठाऊक होते. खरे अवघड काम त्यानंतर आले, आणि ते कारखान्याच्या फाटकाबाहेरचे होते. औद्योगिक क्षेत्राचा रस्ता जिथे संपतो तिथून शेजारच्या गावापर्यंतच्या लहानशा तुकड्यावर पथदिवे लावून घेण्याचे काम उद्योजक संघटनेचा कार्यवाह या नात्याने माझ्याकडे आले, आणि कारखाना उभारण्यापेक्षा ते अधिक चिवट ठरले. गावाचे किंवा कार्यालयांचे नाव येथे देत नाही, कारण या साऱ्या प्रकारात कोणी कामचुकारपणा केला असे मला म्हणता येत नाही. ज्याला विचारले तो आपल्या जागी बरोबर होता, आणि अडचण नेमकी तीच होती.

फाटकाच्या आतले सारे सुरळीत का झाले, याचे कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम 1961 मध्ये झाला आणि 1 ऑगस्ट 1962 रोजी महामंडळ स्थापन झाले. पुढे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 40 खाली अधिसूचित औद्योगिक क्षेत्रापुरते महामंडळच विशेष नियोजन प्राधिकरण ठरले. म्हणजे जमीन देणारा, रस्ता काढणारा, पाणी पुरवणारा, नकाशा मंजूर करणारा आणि आगीचा बंब पाठवणारा एकच. एखाद्या लहान उद्योजकाच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे आणि तिच्याविषयी मी कृतज्ञच आहे. मात्र ही सोय ज्या अधिसूचनेमुळे मिळते तीच अधिसूचना एक रेषा आखते, आणि रेषेच्या पलीकडे त्यातले काहीच लागू होत नाही. राज्यभर डिसेंबर 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, पण महामंडळाची क्षेत्रे तिच्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे आमच्या हद्दीवरच्या रस्त्याच्या डाव्या बाजूच्या इमारतीला एक नियमावली आणि उजव्या बाजूच्या इमारतीला दुसरी, असा प्रकार आहे, आणि रस्त्यावरून चालणाऱ्याला तो कुठेच दिसत नाही.

दिसतो तो फक्त हद्दीचा दगड. महामंडळाचा रुंद, दुभाजक असलेला रस्ता या दगडापर्यंत येतो. दगडावर पांढऱ्या चुन्यावर काळ्या रंगाने क्रमांक घातला आहे. त्याच्या दोन पावले अलीकडे शेवटचा दिव्याचा खांब उभा आहे, आणि दोन पावले पलीकडे डांबराची कड तुटून खडी उघडी पडली आहे. तिथून पुढे गावाच्या वेशीपर्यंतचा रस्ता एका गाडीच्या रुंदीचा असून त्याच्या एका अंगाला ओढा आहे आणि दुसऱ्या अंगाला बाभळी. दुसरी पाळी रात्री सुटली की गावात भाड्याच्या खोल्यांतून राहणारे कामगार याच रस्त्याने घरी जातात. पॅकिंग आणि असेंब्लीच्या कामावर असलेल्या बायका चार-पाच जणींचा घोळका करून, मोबाइलचा उजेड पायांपुढे धरून चालतात. त्यांच्यातल्या एकीने आमच्या कचेरीत येऊन, "साहेब, बस नको, बत्ती द्या," असे सांगितले होते. संघटनेच्या बैठकीत हा विषय त्यातून आला.

ही रेषा इतकी आडवीतिडवी का गेली याचा शोध मी सुरुवातीलाच घेतला. औद्योगिक क्षेत्रासाठी जमीन संपादन करताना गट क्रमांकांची यादी निघते. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाच्या कलम 32(2) च्या नोटिसा जातात, हरकती ऐकल्या जातात आणि मग कलम 32(1) ची अंतिम अधिसूचना येते. या मधल्या काळात गावठाण वगळले जाते, काही बागायती गट वगळले जातात, आणि क्वचित न्यायालयात गेलेले गटही बाहेर राहतात. आमच्या टप्प्याच्या नकाशावर त्यामुळे दातेरी कडा आहे. गावाला जोडणारा रस्ता ज्या गटांमधून जातो ते गट वगळलेल्या यादीत होते. ज्यांची जमीन वाचली त्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले होते, आणि रस्ता हा कोणाच्याच हरकतीचा विषय नसल्यामुळे त्याचा विचार कोणी केलेला नव्हता.

मी पहिले पत्र साहजिकच महामंडळाच्या उपविभागात दिले. तिथल्या अभियंत्यांनी नकाशा उघडून दाखवला आणि हद्दीबाहेर खर्च टाकायचा तर लेखापरीक्षणात तो उभा राहणार नाही, असे सांगितले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अधिनियमातली महामंडळाची कर्तव्ये औद्योगिक क्षेत्रांत आणि वसाहतींत सोयी पुरवण्याची आहेत. तरीही त्यांनी एक काम आपणहून केले: दगडापर्यंतची त्यांची खांबांची ओळ मधल्या वळणावर अपुरी होती, ती पुरी करून देण्याचे अंदाजपत्रक वर पाठवले. दुसरे पत्र ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी पोच दिली, चहा दिला आणि सरळ विचारले, "रस्ता आमचा आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?" रस्ता गावाकडे जातो म्हणून गावाचा असेल, असे आम्ही गृहीत धरले होते. भाऊसाहेबांच्या नोंदवहीत तो नव्हता.

तेव्हा माहिती अधिकाराचा मार्ग धरला. दहा रुपयांचे तिकीट लावून दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला, की सदर रस्ता कोणत्या कार्यालयाच्या नोंदीत कोणत्या वर्गवारीत आहे. माझ्या अनुभवात माहिती अधिकाराचा खरा उपयोग तक्रारीसाठी नाही, प्रश्न नेमका बांधण्यासाठी होतो, कारण उत्तर लेखी द्यायचे असल्यामुळे कार्यालयालाही आपली नोंद काढून पाहावी लागते. उत्तरांतून असे कळले की तो ग्रामीण मार्ग आहे आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. मात्र त्या विभागाच्या कामात डांबर, मोरी आणि बाजूपट्ट्या येतात, दिवे येत नाहीत. गावातले रस्ते उजळणे हे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 45 च्या अनुसूचीत ग्रामपंचायतीच्या कामांपैकी एक म्हणून लिहिलेले आहे. म्हणजे रस्ता एकाचा, उजेड दुसऱ्याचा, त्यावरून चालणारा कामगार तिसऱ्याचा आणि त्या कामगाराचे मत बहुतेक वेळा चौथ्याच गावाच्या मतदार यादीत.

शेवटचा मुद्दा मला आरंभी किरकोळ वाटला होता, पण सगळी गाठ तिथेच होती. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पैशाचा हिशेब सरपंच ताईंनी माझ्यापुढे मांडला तेव्हा ते ध्यानात आले. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला, उरलेल्या 40 टक्क्यांत बाकी सारे. आणि हा निधी वाटताना धरलेली लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची. नवा टप्पा त्यानंतरचा. ज्या शेतकऱ्यांना मोबदला मिळाला त्यांनी खोल्यांच्या चाळी बांधल्या, खोल्यांत राज्यातल्या आणि राज्याबाहेरच्या तरुणांची वस्ती झाली, पाण्याचा उपसा वाढला, गटार भरून वाहू लागले, पण अनुदानाच्या कागदावर गाव तेवढेच राहिले. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे पाच हजारांवर लोकसंख्या, पुरुष कामकऱ्यांपैकी किमान 75 टक्के बिगरशेती आणि दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसांची घनता असली की त्या गावाला जनगणना नगर म्हणतात. देशात 2001 साली अशी 1,362 नगरे होती, ती 2011 मध्ये 3,894 झाली. आमचे गाव आज मोजले तर त्यात बसेल. पण त्या शिक्क्याने नगरपंचायत होत नाही, नवा अधिकारी येत नाही आणि एक रुपयाही वाढत नाही. गाव जनगणनेपुरते शहर होते आणि कारभारापुरते गावच राहते.

दुसरीकडे ग्रामपंचायतीचे आमच्याकडे मोठे येणे होते. औद्योगिक क्षेत्राची जमीन ग्रामपंचायतीच्या हद्दीतच असते, त्यामुळे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली कारखान्यांच्या इमारतींवर कर बसवण्याचा तिला अधिकार आहे. डिसेंबर 2015 मध्ये कर व फी नियमांत दुरुस्ती होऊन आकारणी भांडवली मूल्यावर आली, आणि पत्र्याच्या मोठ्या शेडच्या मागणी बिलाचा आकडा पाहून आमच्या सभासदांचे डोळे पांढरे झाले. सभासदांचा युक्तिवाद असा, की रस्ता, पाणी, दिवे आणि अग्निशमन यांचे शुल्क आम्ही महामंडळाला भरतोच, मग ग्रामपंचायतीला कशाचे पैसे द्यायचे? ग्रामपंचायतीचा युक्तिवाद असा, की तुमचे कामगार आमच्या नळाचे पाणी पितात, त्यांची मुले आमच्या अंगणवाडीत येतात आणि त्यांचा कचरा आमच्या ओढ्यात पडतो. दोन्ही युक्तिवाद मी दोन्ही बाजूंना बसून ऐकले आहेत, आणि मला दुसरा अधिक वजनदार वाटत आला आहे, ही गोष्ट संघटनेत बोलून दाखवल्यावर माझी लोकप्रियता काही वाढली नाही. करवसुली महामंडळाने करावी आणि उत्पन्न ग्रामपंचायतीशी वाटून घ्यावे, असा तोडगाही शासनाच्या पातळीवरून पुढे आला आहे. आमच्याकडे मात्र त्या वेळी जुनी थकबाकी तशीच पडून होती आणि काही कारखान्यांनी आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील केलेले होते.

यातून वाट काढणारे एक जुने कलम अधिनियमातच आहे, आणि आमच्या सल्लागारांपेक्षा ते भाऊसाहेबांना अधिक चांगले माहीत होते. कलम 125 प्रमाणे ग्रामपंचायत आणि कारखाना यांनी, वरिष्ठ मान्यतेच्या अधीन राहून, करांऐवजी ठोक रकमेचे अंशदान ठरवून घेता येते. भाऊसाहेब म्हणाले, "तुम्ही बिलावर भांडता, आम्ही वसुलीवर. एकदा ठोक ठरवा, मग दिव्याचं बोलू." हे वाक्य मी संघटनेच्या इतिवृत्तात जसेच्या तसे लिहून ठेवले आहे.

मधल्या काळात संघटनेत औद्योगिक नगरीची मागणी जोर धरू लागली होती, आणि त्या चर्चेत माझा बराच काळ गेला. 74 व्या घटनादुरुस्तीने, जी 1 जून 1993 पासून अंमलात आली, अनुच्छेद 243थ मध्ये एक परंतुक घातले आहे: एखाद्या क्षेत्रात औद्योगिक आस्थापना नागरी सेवा पुरवत असेल किंवा पुरवणार असेल, तर राज्यपाल ते क्षेत्र औद्योगिक नगरी म्हणून विनिर्दिष्ट करू शकतात आणि तिथे नगरपालिका स्थापन करण्याची सक्ती राहत नाही. आपल्याकडच्या 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या नावातच नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या जोडीने औद्योगिक नगरी आहेत. गुजरातेतल्या औद्योगिक क्षेत्राबाबत सईज ग्रामपंचायतीने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये अशी व्यवस्था वैध ठरवली, याचाही दाखला आमचे सभासद देत. नोएडाचे उदाहरण तर नेहमीचेच. तिथे 1976 पासून प्राधिकरणाचा कारभार आहे, रस्ते मोठे आहेत, सेक्टर आखीव आहेत. मात्र लाखो लोकांच्या त्या शहरात निवडून आलेली नगरपालिका नाही, आणि 2001 ची औद्योगिक नगरीची अधिसूचना असली तरी तेवढ्याने प्राधिकरण नगरपालिका होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये आयकराच्या वादात सांगितले, हा भाग दाखले देणारे सोडून देत.

माझा या मागणीला विरोध होता आणि अजून आहे. औद्योगिक नगरी झाली तर कारखान्यांचा कर कारखान्यांच्या क्षेत्रातच खर्च होईल आणि आमचा दुभाजक अधिक हिरवा होईल, यात शंका नाही. पण नगरीची हद्द पुन्हा त्याच दगडापाशी संपेल, कामगार त्या दगडापलीकडेच राहील आणि त्याच्यासाठी गावाकडे उरलेला पैसाही गावाच्या हातून जाईल. याच्या उलट पिंपरी-चिंचवडचा दाखला मला महत्त्वाचा वाटतो. तिथे 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे आणि त्यांच्या भोवतीचे कारखाने एकाच नगरपरिषदेत आले, 1982 मध्ये तिची महानगरपालिका झाली, आणि कारखान्यांच्या मालावरची जकात गावांच्या गल्ल्यांपर्यंत पोहोचली. त्या शहराच्या कारभारातले दोष दाखवणारे पुष्कळ आहेत, पण कारखाना आणि खोली एकाच तिजोरीखाली आली, हे तिथे वेळेवर घडले. वेळ चुकली की काय होते ते डोंबिवलीलगतच्या 27 गावांकडे पाहिल्यावर कळते. कल्याण-डोंबिवली महापालिकेत ती 1983 मध्ये आली, 2002 मध्ये वगळली गेली, 2015 मध्ये पुन्हा घेतली गेली, आणि त्या वादाचा शेवट तेव्हाही झाला नाही. हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान उद्यान महामंडळाचे, भोवतीचा प्रदेश 2015 मध्ये स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, आणि त्याखाली हिंजवडी, माण, मारुंजी या ग्रामपंचायती. पाऊस मात्र सगळ्यांच्या हद्दीत एकदमच पडतो. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक नगरीत महामंडळ आणि केंद्राचा न्यास यांच्या 51 आणि 49 टक्के भागीदारीची कंपनी कारखाना आणि निवास दोन्हींचे नियोजन एकत्र करते, ही गोष्ट निश्चितच पुढची आहे, पण तिथल्या रहिवाशाने जाब विचारायचा तो नगरसेवकाला नव्हे, कंपनीच्या कार्यालयाला.

ही सर्व चर्चा चालू असताना दिवे लागलेले नव्हतेच. ते मार्गी लागले जिल्हा उद्योग मित्र समितीमुळे, जिला आम्ही सारे झूम म्हणतो. जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक सदस्य-सचिव असलेल्या या समितीच्या बैठकीत महामंडळ, महावितरण, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पोलीस आणि जिल्हा परिषद एका टेबलाभोवती असतात. माझ्या मते नव्या औद्योगिक क्षेत्राचा नगर कारभार म्हणून काही अस्तित्वात असेल तर तो याच टेबलाभोवती असतो. समितीकडे स्वतःचा निधी किंवा कर्मचारी नाहीत, पण एकाच विषयावर दोन विभागांना एकमेकांकडे बोट दाखवणे तिथे अवघड जाते. विषय कसा मांडायचा याची एक युक्ती मला तिथे शिकायला मिळाली. "पथदिवे नाहीत" असे लिहिले तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. "ग्रामीण मार्ग क्रमांक अमुक, साखळी अमुक ते अमुक, मालकी जिल्हा परिषद, दिव्यांची जबाबदारी कलम 45 प्रमाणे ग्रामपंचायत, संयुक्त पाहणीची विनंती" असे लिहिले, आणि सोबत माहिती अधिकारातली दोन्ही उत्तरे जोडली, तर त्याच बैठकीत पाहणीची तारीख मिळते.

संयुक्त पाहणी आम्ही मुद्दाम संध्याकाळी उशिरा ठेवून घेतली. जिल्हा परिषदेचे शाखा अभियंता, महामंडळाचे कनिष्ठ अभियंता, महावितरणचा वायरमन, भाऊसाहेब, सरपंच ताई आणि आम्ही दोघे-तिघे दगडापाशी जमलो. वायरमनने टॉर्च वर करून रोहित्र कुठे आहे ते दाखवले, शाखा अभियंत्यांनी बाजूपट्टीची रुंदी मोजली आणि ओढ्याच्या बाजूला खांब घेता येणार नाहीत, भराव खचतो, असे सांगून सगळे खांब बाभळींच्या बाजूला घेतले. दिवसा कार्यालयात ज्या मुद्द्यावर पत्रापत्री चालली असती तो मुद्दा तिथे उभ्या उभ्या मिटला. तेवढ्यात पाळी सुटली आणि मोबाइलच्या उजेडात चालणारा घोळका आमच्या बाजूने गेला, तेव्हा पाहणी अहवालात कारण लिहिण्याचीही गरज उरली नाही.

खांबांचा आणि तारेचा खर्च क्षेत्रातल्या एका मोठ्या कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून उचलला. याबाबतीत एक खबरदारी घ्यावी लागली. कंपनी अधिनियमाच्या कलम 135 खालचा हा खर्च केवळ आपल्याच कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला चालत नाही, म्हणून प्रस्तावात रस्ता सार्वजनिक असून गावकरी, विद्यार्थी आणि अन्य कारखान्यांचे कामगार तो वापरतात हे स्पष्ट लिहिले. हा निधी मिळाला याचा आनंद असला तरी तो कारभार नव्हे. खांब उभा करायला देणगीदार मिळतो, पण महिन्याचे वीजबिल भरायला आणि जळालेला दिवा बदलायला मिळत नाही. महावितरणच्या अर्जावरचा पहिलाच रकाना होता ग्राहकाचे नाव, आणि तो रकाना रिकामा असल्यामुळे खांब उभे राहूनही दिवे लागेनात. संघटना ग्राहक होऊ शकत होती, पण मग गावच्या रस्त्यावरचे दिवे कारखानदारांचे झाले असते, आणि पुढे कधी वाद झाला तर ते बंद करण्याचा अधिकारही त्यांचाच राहिला असता. मीटर ग्रामपंचायतीच्या नावावर यावे असा आग्रह मी धरला, आणि त्यासाठी ठराव हवा होता.

मासिक सभेत ठराव सहज झाला, पण सरपंच ताईंनी विषय ग्रामसभेपुढे ठेवला, आणि ते त्यांनी योग्यच केले. ग्रामसभेत एक वयस्क बाई उठून म्हणाल्या, "कंपनीच्या पोरींना बत्ती पायजे, मान्य. आमच्या वस्तीवर पोल आहे, त्याला बल्ब कवापासनं न्हाई, त्याचं कोण बोलायचं?" सभेत हशा पिकला, पण मुद्दा खरा होता. ओढ्यापलीकडच्या त्या वस्तीची जमीन औद्योगिक क्षेत्रात गेली होती आणि टप्पा झाल्यापासून तिच्या वाट्याला फक्त ट्रकची धूळ आली होती. तिथल्या तिथे ठरावात दुरुस्ती झाली, की कारखान्यांच्या ठोक अंशदानातून आधी वस्तीवरचे दिवे दुरुस्त व्हावेत आणि मग नव्या रस्त्याचे बिल भरले जावे. सूचक वस्तीवरचा आणि अनुमोदक खोल्यांच्या एका मालकाचा. सगळ्या प्रक्रियेत निर्णयाची ही एकच जागा अशी होती जिथे लोक स्वतः हजर होते, आणि माझ्या सभासदांना नेमकी तीच टाळायची होती.

त्यानंतर गोष्टी बऱ्याच वेगाने झाल्या. अंशदानाची रक्कम थोडी घासाघीस करून ठरली, अपिले मागे घेतली गेली, जिल्हा परिषदेने खांबांना ना-हरकत दिली, काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नोंदले गेले आणि मीटर बसले. बिल ग्रामपंचायतीच्या नावाने येते, आणि दिवा बंद पडला तर कामगार आमच्याकडे न येता थेट ग्रामपंचायतीत जातात. त्यांच्यापैकी काहींनी मतदार यादीत नाव हलवण्याचे अर्जही घेतले आहेत.

आता पुढचा विषय कचऱ्याचा आहे, कारण उजेड झाल्यावर ओढ्याकाठचा ढीग सर्वांना दिसू लागला. घातक कचऱ्याची सोय ठरलेली आहे, तो प्रक्रिया केंद्रात जातो आणि त्याची नोंद राहते. प्रश्न आहे तो उपाहारगृहांच्या उरलेल्या अन्नाचा, प्लॅस्टिकचा आणि खोल्यांमधल्या रोजच्या कचऱ्याचा. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांत औद्योगिक वसाहत विकसित करणाऱ्याने पुनर्वापर केंद्रासाठी क्षेत्राच्या किमान पाच टक्के जागा किंवा किमान पाच भूखंड अथवा शेड राखून ठेवावेत असे म्हटले होते. त्या आधाराने हद्दीच्या आतला एक भूखंड केंद्रासाठी मिळावा आणि गावाचा कचराही तिथेच घ्यावा, असा प्रस्ताव झूमच्या येत्या बैठकीसाठी दिला आहे. गावाचा कचरा आत घेण्याला आमच्याच सभासदांची हरकत आहे, आणि ग्रामपंचायतीची हरकत अशी, की घंटागाडीचा चालक कोणाच्या पगारावर राहील ते आधी लिहून द्यावे. अंशदानाच्या कराराची मुदत संपण्यापूर्वी ग्रामपंचायतीची निवडणूक येते आहे, म्हणून चालकाच्या पगाराचे कलम जुन्या करारालाच पुरवणी म्हणून जोडावे, असा मसुदा मी भाऊसाहेबांकडे दिला आहे. त्यांनी त्यावर पेन्सिलीने दोन दुरुस्त्या सुचवल्या असून तो मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे.